रिकाम्या पोटी

“पुस त्याचं तोंड. येतेय ती,” चष्मेवाल्याची आई पुटपुटली. त्याने चमचा घाईघाईने पिशवीत कोंबला. थर्मासचं झाकण मात्र काही केल्या बसेना. शेवटी आईनेच ते त्याच्या हातातून हिसकावून घेतलं आणि पिळून बसवलं.

त्याच्या मांडीवरचा टिल्लू आता गप्प होता. पहाटेपासून रडून त्याने अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला होता, आणि आता जसं काही झालंच नाही अशा थाटात ओठ चाटत छताच्या पंख्याकडे बघत होता. ओठ अगदी धड होते. वरून बघणाऱ्याला काही कळलंही नसतं. भोक होतं ते आत, टाळूला. पोराच्या पोटात दूध घालायचं आणि ते नाकातून परत येताना बघायचं, दोन वर्षं या घराने दुसरं काही केलंच नव्हतं. चष्मेवाल्याचा त्यात हात बसला होता. चष्म्यांच्या दुकानात दिवसभर डोळ्यांना दिसतील न दिसतील असे स्क्रू पिळणारा माणूस तो. गालाच्या आतल्या बाजूने असा अलगद चमचा सोडायचा की थेंब नाकात जात नसे. निदान त्याला तरी तसं वाटायचं, आणि त्याची त्याला घमेंडही होती.

मघाशी बायको रिपोर्ट आणायला खाली गेली आणि पोर भुकेने काळंनिळं व्हायला लागलं. ऑपरेशननंतर लागेल म्हणून आणलेलं दूध पिशवीत होतंच. चार चमच्यांनी काय होतंय, असा विचार त्याने केला. विचार कसला, हात आपोआप गेला. आईने पाहिलं, आणि इकडेतिकडे कुणी नाही ना, एवढंच बघून घेतलं.

बायको आली ती जवळजवळ पळतच. “रक्त चांगलं आलंय! या वेळी काही आडवं येत नाही बघ.” मागची तारीख सर्दीने खाल्ली होती, त्याआधीची वजनाने. टाळू शिवणारा सर्जन बाहेरगावाहून यायचा, तोही कधीमधी. पोराचं बोलणं नाकात मुरायच्या आत शिवायला हवं, असं त्यानेच बजावलं होतं.

पाठोपाठ सिस्टर आली. “सकाळपासून काही दिलं नाही ना?”

“थेंबभर पाणीसुद्धा नाही,” बायको म्हणाली. किती ताठ मानेने म्हणाली!

“नक्की ना? पोटात काही असलं तर भूल दिल्यावर उलटून फुप्फुसात जातं. जिवावर बेततं, म्हणून पुन्हा विचारते.”

आता सांगायचं. तोंड उघडायचं आणि सांगून मोकळं व्हायचं. चष्मेवाल्याने आईकडे पाहिलं. आई फरशीकडे बघत होती. तेवढ्यात सिस्टरने टिल्लूला हिरवा झगा चढवला. तो त्याच्या पायांखाली हातभर लोळायला लागला आणि बायको खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी हसली. अशा वेळी कुणाची जीभ उचलते? उचलायला हवी होती. पोराचा जीव होता तो. पण हा भेकड माणूस वाकून झग्याच्या नाड्या बांधत बसला, आणि त्याही अगदी नीट, दोन्ही टोकं सारखी यावीत म्हणून पुन्हा सोडून.

सिस्टरने टिल्लूला घ्यायला हात पुढे केले आणि टिल्लू शिंकला.

फार नाही आलं. नाकपुडीतून पांढरा ओघळ ओठावर उतरला, एवढंच. सिस्टरने तो बोटाने टिपला, पाहिला आणि हात मागे घेतले.

“झगा काढा,” ती म्हणाली. “आज नाही होणार.”

“दुपारी? सिस्टर, थोडं थांबून दुपारी घ्या ना!”

“सर दुपारच्या गाडीने जातात. आणि बाई, ही शिंक वेळेवर आली म्हणून बरं. आत आली असती तर?”

बायको गर्रकन वळली ती सासूकडे. दुसऱ्या कुणाकडे बघावं, असं तिच्या मनातही आलं नाही.

“आई, काल हात जोडले होते ना मी तुमच्यापुढे? म्हटलं होतं ना, रडला तर रडू द्या? पण नाही, तुमचा जीव तुटतो! आज मारलंच असतंत की त्याला!”

समोरच्या बाकावरच्या माणसांनी माना वळवल्या.

“अगं…” चष्मेवाला म्हणाला. घसा खाकरला.

आईने त्याला पुढे बोलू दिलं नाही. “हो, मीच दिलं,” ती म्हणाली. “राहवलं नाही मला.”

अजूनही वेळ गेली नव्हती. चष्मेवाल्याने उघडलेलं तोंड मिटलं. खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली, पण दोन्हींतलं काहीच चेहऱ्यावर आलं नाही.

बायको रडत रडत झग्याच्या नाड्या ओढत होती. सासूने टिल्लूला घ्यायला हात पुढे केले, ते तिने बाजूला सारले आणि पोराला नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं.

“तू धर. मी सरांना गाठते, पाया पडते त्यांच्या. तोवर याला आईंच्या हातात देऊ नकोस, कळलं? तुझ्याशिवाय कुणावर भरवसा ठेवायचा मी या घरात?”

“नाही देत,” चष्मेवाला म्हणाला, आणि बाकावर आईपासून थोडा लांब सरकून बसला.