आठ सोफ्यांची शिलाई
कॉकटेल बारमधल्या आठही सोफ्यांना लाल कव्हरं चढली आणि शिलाई बघून इंटीरियरवाल्या बाईंनी कपाळाला हात लावला. “काका, लालवर हिरवा दोरा? परवा उद्घाटन आहे हो! चष्मा घरी विसरलात की काय?” म्हाताऱ्या कारागिराला लाल आणि हिरवा जन्मापासून सारखेच दिसत. हे गुपित फक्त बायकोला ठाऊक होतं. चाळीस वर्षं मशीनशेजारी बसून तीच दोरा काढून द्यायची. या खेपेला त्यानं अंदाजानं रीळ उचललं होतं. “चष्म्याचं काही नाही, बाई. मला रंग कळत नाहीत. सांगणारी होती, ती गेली. काल महिना झाला.” त्यानं पहिली शिवण उसवली आणि सवयीनं बाजूला हात पसरला. बाईंनी त्यावर रीळ ठेवलं. “हे लालच ना?” त्यानं विचारलं. बायकोला असं विचारायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.