शाळा चालू राहावी म्हणून

कौसाबाईनं रांधलेली खिचडी आजही पातेल्यातच थंड झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेत बौद्धवाड्यातली बाई स्वयंपाकाला लागल्यापासून गावातल्या पोरांनी आधी जेवण सोडलं, मग शाळेत येणंच सोडलं. व्हरांड्यात एकटी प्रज्ञा, कौसाबाईचीच लेक, जेवत बसली होती.

"पोरं आली नाहीत तर शाळा बंद पडेल, बाई," ढाकणे गुरुजी खाली बघत म्हणाले. "घरोघरी फिरलो. कुणी ऐकत नाही."

"मंग माझी प्रज्ञा कुठं शिकंल?"

कौसाबाईनं चूल विझवली, पातेलं घासून पालथं घातलं आणि काम सोडलं.

सोमवारी शाळा पुन्हा गजबजली. नवी स्वयंपाकीण गावातली होती. पंगतीत वाढत ती प्रज्ञापाशी आली, तेव्हा तिनं डाव उंच धरला आणि ताटाला न शिवता वरूनच खिचडी टाकली. अर्धी जमिनीवर सांडली. गुरुजींनी ते पाहिलं आणि ते वर्गात निघून गेले.

संध्याकाळी कौसाबाईनं विचारलं, "आज सगळ्यांसंगं जेवलीस ना गं?"

"हो," प्रज्ञा म्हणाली. "पण उद्यापासून मला भाकरी बांधून दे."