भोजराजचं मीटर

भोजराजनं सहाव्या गाडीच्या चाकाला मीटर लावलं, सुई पाहिली आणि मोठ्यानं सांगितलं, "ऐंशी पौंड!"

ड्रायव्हरनं मान डोलावली. खुर्चीत बसलेल्या भैय्याजींनीही डोलावली. टेकचंद मिस्त्री मात्र पाठ फिरवून पान्यानं नट आवळत राहिला. त्याच्या पोटात दुखायला लागलं होतं, आणि त्या दुखण्यावर औषध नव्हतं.

भैय्याजी ठेकेदाराच्या आठ गाड्या चिखल्याच्या खाणीतून मँगनीज उचलून तुमसरच्या रेल्वे सायडिंगवर टाकत. अकरा वर्षं या गाड्यांची हवा टेकचंदच पाहायचा, तीही कानानं. टामीचा, म्हणजे टायर काढायच्या लोखंडी दांड्याचा, एक ठोका टायरवर मारला की आवाजावरून किती कमी, किती जास्त ते सांगायचा. पण मागच्या उन्हाळ्यात, म्हणजे सत्त्याहत्तर साली, तीन टायर फुटले. म्हणून यंदा एप्रिलात भैय्याजींनी नागपूरहून हवेचं मीटर आणलं आणि ते चालवायला आयटीआय शिकलेला कोंढ्याचा भोजराज आणला.

"टेकचंद, आता तुही ठकठक बंद," भैय्याजींनी सगळ्यांसमोर सांगितलं. "हवा भोजराज पाहील. तू वजनकाट्यावर उभा राहून नट-बोल्ट पाहा. पावसाच्या आधी ठरवतो कोणाले ठेवाचं ते. दोन मिस्त्री नाही परवडत मले."

ड्रायव्हर लोक हसले. तेच ड्रायव्हर, जे परवापर्यंत "मिस्त्री, एक ठोका मारून पाहा न जी" म्हणत मागे फिरायचे. आता ते भोजराजभाऊ, भोजराजभाऊ करत होते. भैय्याजींच्या चहात भोजराजचा कप आला. घरी गेलं तर बायकोच्या, कुंताबाईच्या तोंडीही तेच.

"पोरगा लय गुणाचा हाय जी. बाजारात भेटला तं पाया पडला माह्या."

"मंग घरीच आणून ठेव त्याले," टेकचंद म्हणाला आणि ताटावरून उठला.

खरं दुखणं वेगळंच होतं. मीटर खरं बोलतं हे टेकचंदला मनातून पटलं होतं. कान चुकतो, वय झालं की जास्तच चुकतो. सुई कशाला चुकेल? रोज, प्रत्येक चाकाला, ऐंशी म्हणजे ऐंशी. मीटर खोटं असतं तर तो हसून मोकळा झाला असता. ते खरं होतं म्हणून त्याचा जळफळाट व्हायचा.

दुसऱ्या आठवड्यात त्यानं खिशात एक खिळा ठेवला.

भरलेली गाडी वजनकाट्यावर यायची, ड्रायव्हर चिठ्ठी घ्यायला उतरायचा. टेकचंद नट पाहायचं निमित्त करून चाकाशी बसायचा, खिळ्यानं व्हॉल्व्हची पिन दाबून हवा सोडायचा आणि तीस आकडे मोजायचा. मग पुढचं चाक. कमी हवेचा टायर मे महिन्यात, मँगनीजच्या ओझ्याखाली तापणार आणि फुटणार. एकदा फुटू दे, मग पाहू दे भैय्याजींना आपल्या नागपुरी मीटरकडं! गाडीत माणूसही असतो हे त्याच्या मनात यायचं. पण टायर फुटला म्हणजे गाडी उलटतेच असं थोडंच आहे, असं स्वतःला सांगून तो पिन दाबायचा.

टायर काही फुटला नाही. त्यानं चाळीस मोजले, मग पन्नास. तरीही महिनाभर एकही फुटला नाही. उलट टायर एकसारखे झिजताहेत म्हणून भैय्याजींनी भोजराजच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी टेकचंदला जेवणच गेलं नाही.

मे संपता संपता सात नंबरचा ड्रायव्हर तापानं आडवा झाला. भैय्याजींनी गाडी टेकचंदच्याच मुलाला दिली. जागेश्वर चार वर्षं क्लीनर होता, लायसन नुकतंच हाती आलेलं. कुंताबाईनं सकाळी सकाळी येऊन चाकाखाली लिंबू ठेवलं.

वजनकाट्यावर टेकचंदनं आधीच्या गाड्यांना नेहमीसारखं केलं. सात नंबर आली तेव्हा खिळा खिशातच राहू दिला. टामीचा एक ठोका मारून पाहावा असं क्षणभर वाटलं. पण मीटरनं पाहिलेली हवा. आपल्या कानानं तिला काय तपासायचं? त्यानं नुसता टायरवरून हात फिरवला.

"सांभाळून जाजो," तो म्हणाला.

"हो बाबा." जागेश्वरनं हॉर्न वाजवला. भरलेली गाडी सायडिंगच्या वाटेला लागली.

अर्ध्या तासानं भोजराज आला आणि बाजूला उकिडवा बसला.

"काकाजी, भैय्याजीनं मले पक्कं केलं."

टेकचंदनं पाठ फिरवली. "मंग मले काहून सांगतोस? जाय, पेढे वाट."

"तुमची जागा खाऊन मी पेढे वाटू?" भोजराजचे डोळे भरून आले. "चौथ्याच दिवशी मीटर माह्या हातून गिट्टीवर पडलं जी. सुई ऐंशीवरच अडकून बसली. सांगितलं असतं तं त्याच दिवशी घरी धाडलं असतं मले."

"मंग रोज हवा कशी भरतोस?"

"अंदाजानं. कमी पडू नये म्हणून दाबून भरत होतो, अन् जास्तीच्या हवेनं टायर फुटते का म्हणून दिवसभर जीव मुठीत. मंग तुम्हाले पाहिलं, वजनकाट्यावर हवा काढून राहिले होते. म्हटलं, काकाजीनं माही चूक ओळखली. तरी कोणाजवळ बोलले नाही, चुपचाप दुरुस्त करून राहिले. तवापासून मी बेफिकीर भरतो. जास्त झाली तं काढाले तुम्ही हाच."

टेकचंदचा हात खिशातल्या खिळ्यावर गेला.

भोजराजनं वाकून त्याच्या पायांना हात लावला. "मी भैय्याजीले आजच सगळं सांगतो. मिस्त्री तुम्हीच राहान. आज तं गाडी काट्यावर आली तवा मी इकडं पाहालेबी नाही आलो, काकाजी. म्हटलं, पोराची पहिली खेप हाय, सात नंबरची हवा तुम्ही सगळ्यात आधी काढली असान."