आजीच्या हातावरचं गोंदण

"सुया ठेवून दिल्या मी आता. डोळ्याले दिसत नाई," असं म्हणत इंदुबाई दार लावायला लागली.

हिराने उंबऱ्यात पाय रोवला. खडकीहून कसब्यात ती रिक्षाने आली होती. "लवकर या, मी इथे वस्तीला आलेलो नाही," असं रिक्षावाल्याने पुणेरी थाटात सुनावलंही होतं. पण रिकाम्या हाताने परतायचं हिराच्या मनातच नव्हतं.

"माय, आपल्या गडचिरोलीकडची गोंदणारी या शहरात तूच. इथले मशीनवाले फुलपाखरं काढतेत. ते काय कामाचे?"

"तुही पोर पूर्वाच ना? मागं मी आली तवा न्हाणीघरात कडी लावून बसली होती."

"आता नाई म्हननार नाई ते."

त्या दिवशी पूर्वाने आतूनच वाद घातला होता. हिंजवडीच्या कंपनीत नुकतीच लागलेली इंजिनिअर पोर, ती कसली ऐकते! हिराने दाराला तोंड लावून आपल्या हातावरची एकेक खूण समजावली होती. शिडी वर चढायला. विंचू नजर लागू नये म्हणून. मुंग्यांची ओळ घर भरलेलं राहावं म्हणून. आणि कोपराखालचे ठिपके कुळाचे, ते पाहून परलोकी थोरले आपल्या माणसाला ओळखतात.

"म्हणजे आजी मला चेहऱ्यावरून ओळखणार नाही? आई, तिथेही आयडी कार्ड लागतं का?" पूर्वा आतून खिदळली होती. हिराला हसू आलं होतं आणि रागही आला होता. हसू विरलं, राग मात्र राहिला.

"हळद लागली?" इंदुबाईने विचारलं.

"लागली. पिवळी साडी नेसवली. मानसं जमली. थोरले दीर गावाहून आले का निघाचंच. मंग माह्या हाती काय राहते?"

"नवरा काय म्हनते?"

"राहू दे म्हनते." हिराचा आवाज चढला. "मी नाई राहू देत! कोऱ्या हातानं नाई जाऊ देनार तिले. तिकडं कोनाची पोर म्हनून इचारलं, तं काय दाखवन ते?"

इंदुबाईने आत जाऊन दोऱ्याने बांधलेल्या सुया आणि काजळाची डबी आणली.

रिक्षात तिने एवढंच विचारलं, "कोनतं काढू?"

हिराने बाही वर सारली. "हेच. माह्या आईच्या हातावर होतं तेच. एक ठिपका चुकवू नोको."

दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टरसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. एरवी पूर्वाची स्कूटी उभी असायची, तिथेही खुर्च्याच होत्या. कंपनीतल्या मैत्रिणी आल्या होत्या, गळ्यातली कार्डं तशीच ठेवून. हिराचा नवरा श्याम दारात आडवा आला.

"हिरा, कायले तरास देतं तिले?"

"बाजूले व्हा."

तिच्या तोंडाकडे बघून तो बाजूला झाला.

हिराने लेकीचा हात मांडीवर घेतला. लहानपणी साधा काटा रुतला तरी घर डोक्यावर घेणारी पोर ही. इंदुबाईने सुया काजळात बुडवल्या आणि पहिला ठिपका टोचला. मग दुसरा. मग शिडीची पहिली पायरी. हिराची नजर हातावरून ढळली नाही. तिला रडायचं नव्हतं, निदान शेवटचा ठिपका होईपर्यंत तरी नाही.

कुळाचे ठिपके झाले तशी ती लेकीच्या कानाशी वाकली.

"आजीले हात दाखवजो, बाई."

इंदुबाईने सवयीने रक्त टिपायला फडकं पुढे केलं. टिपायला काहीच नव्हतं.