निएवेसची हार

एवेलियोचा रुमाल सपकन आला आणि निएवेसने घागरा ओढून तो वरच्या वर परतवला. मातान्सास शहरातल्या त्या चाळवजा घराच्या अंगणात हशा पिकला. रुंबाचा नाच म्हणजे हाच खेळ. पुरुषाने घुटमळत संधी साधायची. रुमालाने, हाताने, नाहीतर पायाने बाईला गाठायचं. बाईने ऐनवेळी स्वतःला झाकून घ्यायचं आणि त्याला हात हलवत परत पाठवायचं. एवेलियो लग्नाआधीपासून हात हलवतच परतत होता.

"माझी निएवेस ती!" तो ढोलवाल्यांकडे बघून ओरडला. "सापडायची नाही मेली!"

हे ऐकायलाच निएवेस रविवारची वाट बघायची. म्हाताऱ्या नवऱ्याची आठवण गेली होती. एरवी घरात तो तिला 'बाई' म्हणे, कॉफी दिली की अदबीने आभार मानी आणि ऊन कललं की विचारी, "तुमच्या घरचे खोळंबले असतील ना?" नाचात मात्र तो तिला ओळखायचा. ही ढोलांची पुण्याई, असं ती समजून होती.

गाणं थांबलं तशी नणंद, मिगदालिया, घाम पुसत तिच्याजवळ आली.

"वहिनी, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? पुढच्या रविवारी तो उभा तरी राहील का?"

"मग मी काय करू?"

"जन्मभर नाचवलंस माझ्या भावाला. आज एकदा जिंकू दे की! काय झिजणार आहे तुझं?"

खरंच, काय झिजणार होतं?

ढोल पुन्हा घुमले. एवेलियो लटपटत, पण ऐटीत पुढे आला. रुमाल उडाला. निएवेसने घागरा हातातून सोडून दिला आणि ती तशीच उभी राहिली. रुमाल तिच्या पोटाशी अलगद टेकला.

अंगण दणाणून गेलं. मिगदालिया तर रडायलाच लागली.

एवेलियो मात्र थिजला. त्याने घाईघाईने रुमाल ओढून खिशात कोंबला, दोन पावलं मागे सरकला आणि मान खाली घातली.

"माफ करा हं, बाई," तो पुटपुटला. "मला वाटलं, माझी बायकोच नाचतेय. ती आली ना, की तिला यातलं काही सांगू नका."