चारशे अठरा अक्षरं

कुणाला खरं वाटणार नाही, पण त्या माणसाने चारशे अठरा अक्षरं पोटच्या पोरांसारखी वाढवली होती. कॉम्प्युटरवरच्या टर्मिनलच्या काळ्या खिडकीत त्याची मराठी कधी सुखाने नांदलीच नाही. एका सिस्टीमवर वेलांटी आपलं अक्षर सोडून शेजारणीच्या घरात जाऊन बसे. दुसरीवर जोडाक्षरांची काडीमोड होई. तिसरीवर एक मात्रा म्हणे अशी रुसली, की सहा महिने दिसलीच नाही. शेवटी हा निवृत्त ऑपरेटर इरेला पेटला. प्रत्येक अक्षर त्याने मात्रा-वेलांटीसकट अखंड काढलं, मनाला येईल तो नंबर त्याला दिला आणि स्वतःचा फॉन्ट बनवला. फाइलीत नुसते नंबर जात; कोणत्या नंबरला कोणतं अक्षर, हे एक त्याला ठाऊक, नाहीतर त्या फॉन्टला.

मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. बापलेकीत दोन वर्षं अबोला होता. तो गेल्यावर ती आली आणि आईसाठी त्याचा कॉम्प्युटर साफ करायला बसली. सर्व्हर सांभाळणारी बाई, कामात चोख. आधी त्याच्या सगळ्या फाइली उतरवून घेतल्या, मगच डिस्क कोरी केली, नवी सिस्टीम चढवली. फॉन्ट त्या फाइलींत नव्हता. तो जुन्या सिस्टीमच्या पोटात होता. तिच्याबरोबरच गेला.

शेवटची फाइल अकरा ओळींची होती. नव्या सिस्टीमवर अकरा ओळी चौकोन. तिच्या लॅपटॉपवर प्रश्नचिन्हं. ऑफिसच्या मशीनवर नुसती मोकळी जागा. पुसलेलं परत काढायची सगळी हत्यारं तिने आठ दिवस चालवली. हाती धुपाटणंही आलं नाही.

नवव्या दिवशी आई खुर्ची ओढून शेजारी बसली.

"वाच की गं. शेवटी शेवटी दिवसभर टकटक चालली होती त्यांची. मला मेलीला आता पडद्यावरचं दिसत नाही."

मुलीने घसा साफ केला. चौकोनांवर बोट ठेवलं आणि वाचू लागली.

"'तुला कधी बोललो नाही, पण तू चार दिवस भावाकडे गेलीस की घर खायला उठायचं. आपल्या भांडणांत बहुतेक वेळा तूच बरोबर असायचीस. चूक कळायची, पण माघार घ्यायला जीभ रेटायची नाही…'"

आई ऐकत राहिली. मग तिने मुलीचं बोट पडद्यावरून अलगद खाली घेतलं.

"पुरे झाल्या थापा. मला कुठलं लिहितायत ते? 'पोरीशी तोंडाने बोलणं जमलं नाही, निदान लिहून तरी ठेवतो,' म्हणाले होते. मला एक ओळ वाचून दाखवली नाही. म्हटलं, तू वाचशील तेव्हा ऐकेन."