उजवी पाकळी

दाजी गुरवांनी देवाच्या छातीवर कौलाच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि चोरून मोबाइल पाहिला. गाभाऱ्यातला कॅमेरा ओलावा मोजून कौल आधीच सांगायचा. वर्षभरात एकदाही चुकला नव्हता. पडद्यावर उमटलं, "डावी. दोन मिनिटं."

दाजींनी मोबाइल कमरेला खोचला.

"उजवी आधी पडली तर पोरीला ऑपरेशनला नेते," समोर बसलेली सुगंधा म्हणाली. "डावी पडली तर सरळ घरी." तिच्या मांडीवर निळसर ओठांची पोर धापा टाकत होती.

बुवा कीर्तनात सांगायचे, त्याच्या इच्छेवाचून झाडाचं पानही हलत नाही. मग दाजींना हे आधी कळलं, ते कोणाच्या इच्छेनं?

डावी पाकळी सुटू लागली. हार सारखा करायच्या निमित्तानं दाजी पुढे झाले. चाळीस वर्षांत कौलाला कधी न लागलेला त्यांचा अंगठा उजव्या पाकळीला लागला.

"उजवी! देव बोलला गं बाई!" म्हणत पोरीला उचलून सुगंधा धावतच सुटली.

मागोमाग डावीही पडली, अगदी ठरल्या वेळी. दाजींनी हात जोडले.

"देवा," ते पुटपुटले, "पोर वाचली तर हा अंगठा तुझा. नाही वाचली, तर माझा."